दोन पट्टे

घरांतील मुलगा एखादी परदेशी व्यायामविद्या शिकूं लागला, कीं वडील मंडळी विचारतात, "आपल्या लाठीनें आणि तालमीनें तुझें काय बिघडविलें होतें?" उलट, तोच मुलगा लाठी हातीं घेऊं लागला, कीं त्याचा शिक्षक बजावतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या करूं नकोस." परभणी जिल्ह्यांत हा वाद आतां केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. कोरियाची तायक्वांदो ही विद्या शाळांच्या क्रीडास्पर्धांच्या वाटेनें जिल्ह्यांत येऊन पोंचली आहे; आणि लाठी, फरीगदका, पट्टा यांचे हात मराठवाड्याच्या मिरवणुकींना पूर्वींपासून ठाऊक आहेत. शेजारच्या नांदेडास तर शिखांचा गतका आजहि चालू आहे. तेव्हां कमरेला कोरियन पट्टा बांधणाऱ्या मुलामुलींनीं मराठी पट्टा हातीं धरावा काय, आणि धरावा तर कसा, याचा शांतपणें विचार व्हावयास हवा.

तायक्वांदो ही हजारों वर्षांची विद्या आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. तिच्या मागें जुन्या परंपरा आहेतच. पण तिचें आजचें रूप बरेंच अलीकडचें आहे. कोरियावरील जपानी अंमल १९४५ सालीं संपला. त्या सुमारास सेऊल शहरांत ज्या व्यायामशाळा निघाल्या, त्यांच्या चालकांपैकीं अनेकजण जपानी कराटे शिकलेले होते. १९५५ सालीं 'तायक्वांदो' हें नांव पुढें आलें. १९७२ सालीं सेऊल येथें कुक्कीवॉन हें केंद्र उभें राहिलें. १९७३ सालीं जागतिक संघ स्थापन झाला. आणि २००० सालीं सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाचीं पदकें प्रथम दिलीं गेलीं. एवढी मजल इतक्या थोड्या काळांत गाठतां आली, याचें एक मोठें कारण म्हणजे तिची आंखणी. कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून शिष्याची इयत्ता कळते, आणि प्रत्येक इयत्तेस नेमलेला पाठ असतो. या पाठाला 'पूमसे' म्हणतात. ठरलेल्या पावलांवर, ठरलेल्या क्रमानें, न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं एकट्यानेंच दिलेली ही झुंज असते. नवशिक्यांसाठीं 'तेगुक' नांवाचे असे आठ पाठ आहेत. परभणीच्या मुलीनें केलेला पहिला तेगुक आणि सेऊलच्या मुलीनें केलेला पहिला तेगुक यांत एका पावलाचाहि फरक असूं नये, अशी अपेक्षा असते.

या नेमलेल्या पाठांत शस्त्र मात्र नाहीं. हात आणि पाय हींच तेथील साधनें. म्हणून ज्याला शस्त्राची ओढ आहे, त्याला दुसऱ्या दारीं जावेंच लागतें. कोरियांतहि पूर्वी स्थिति निराळी होती. राजा जोंगजो याच्या आज्ञेनें १७९० सालीं 'मुये दोबो तोंगजी' नांवाचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यांत युद्धविद्येचे चोवीस प्रकार वर्णिले आहेत. भाले, तरवारी, दंड, ढाल आणि घोड्यावरील कसरती यांनीं तो भरलेला असून, नुसत्या मुठीच्या झुंजीला त्यांत एकच प्रकरण मिळालें आहे. पुढें १९०७ सालीं जपानच्या दडपणाखालीं कोरियाचें सैन्य विसर्जित झालें, आणि ज्या हातांत हीं शस्त्रें खेळत, ते हात रिकामे झाले. ग्रंथ मात्र उरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं कोरियन अभ्यासकांनीं त्यांतील आकृत्या आणि वर्णनें समोर ठेवून ते हात पुन्हां बसविण्याचा उद्योग केला. २०१७ सालीं युनेस्कोनें या ग्रंथाची नोंद जागतिक स्मृतींच्या यादींत केली.

महाराष्ट्राची कथा याहून फार वेगळी नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जिवा महालानें पट्ट्याच्या वारानें सय्यद बंडाचा हात कलम केला, ही परंपरेनें सांगितलेली गोष्ट घरोघर ठाऊक आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पट्टेकऱ्यांची चाकरी संपली. कोल्हापूरच्या तालमींनीं ही विद्या 'मर्दानी खेळ' म्हणून जगविली. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होती, आणि तेथें आखाडे काढण्यावरहि निर्बंध असत. विद्या टिकली ती वस्तादाकडून शिष्याकडे, तोंडी आणि हातोहात. अशा परंपरेंत जिवंतपणा मोठा असतो. पण शिष्य न मिळाला, कीं वस्तादाबरोबर त्याचे हातहि जातात.

आतां दोन्ही विद्या एका शरीरांत कशा नांदतील तें पाहूं. दांडपट्ट्याचें पातें लांब, सरळ आणि लवचिक असतें. त्याची मूठ म्हणजे कोपराच्या जवळपास पोंचणारा लोखंडी खोबळा. त्यांत हात गेला, कीं मनगट बांधलें जातें. तरवारीचा वार मनगटावर फिरवितां येतो. पट्ट्याचा वार कोपर, खांदा, कंबर आणि पाऊल यांतूनच काढावा लागतो. तायक्वांदोचा शिक्षकहि प्रत्येक ठोशाच्या वेळीं कंबर फिरविण्यास सांगतो. हें या दोन विद्यांचें खरें मीलनस्थान होय. ज्याची कंबर पूमसेनें सुटी झाली आहे, त्याला पट्ट्याचे पहिले हात परके वाटत नाहींत. शिवाय पूमसेंत बहुतेक हालचाली उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही अंगांनीं होतात. शस्त्र धरणारा मात्र सहज एकाच अंगाकडे झुकतो. तो दोष येथें निघतो.

विरोधाच्या जागाहि आहेत, आणि त्या लपवूं नयेत. तायक्वांदोच्या सामन्यांत डोक्यावर ठोसा मारण्यास मनाई आहे. त्यामुळें खेळाडूचे हात खालीं राहूं लागतात. लाठीसमोर ही संवय महागांत पडते, कारण लाठीचा पहिला रोख डोक्यावरच असतो. तायक्वांदोंत अंतराचें माप पायाच्या लांबीनें ठरतें. लाठींत तें काठीच्या टोंकानें ठरतें. उंच लाथ हें एका ठिकाणीं भूषण, तर दुसऱ्या ठिकाणीं तो उघडा पडलेला एक पाय.

म्हणून दोन विद्यांची खिचडी करूं नये. पट्टा हातांत घेऊन लाथा झाडणें टाळ्या मिळवील, पण त्यानें ना पूमसे साधेल, ना पट्टा. दिवस वेगळे असावेत, आणि शक्य तर गुरुहि वेगळे असावेत. आरंभ तायक्वांदोच्या पवित्र्यांनीं करावा, पाऊल स्थिर झाल्यावर उंचीला साजेशी साधी लाठी घ्यावी, मग फरीगदका, आणि पट्टा सर्वांत शेवटीं, तोहि बिनधारेचा, मोकळ्या जागेंत, जाणत्याच्या नजरेखालीं. लवचिक पातें फिरविणाऱ्यासहि दुखापत करतें, हें पालकांनीं विसरूं नये.

या शेजाराचा सर्वांत मोठा लाभ मात्र शरीराचा नाहीं. २०२० सालीं केंद्र सरकारनें खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांसाठीं जे देशी खेळ निवडले, त्यांत गतका, कलरीपयट्टु, थांग-ता आणि मल्लखांब होते. मर्दानी खेळ नव्हता. २०२४ सालीं दांडपट्टा हें महाराष्ट्राचें राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालें. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट; पण मानानें हात बसत नाहींत. पाठ ठरलेला नसेल, परीक्षा नसेल, दोन गांवांचे हात जुळत नसतील, तर खेळ मिरवणुकीपुरताच उरतो. द. चिं. मजुमदार यांनीं बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढून या कामाचा पाया १९३६ पासूनच घातला होता. त्यावर भिंत चढवावयाची राहिली आहे.

तें काम तायक्वांदो शिकलेला मुलगा अधिक चांगलें करूं शकेल. पाठ म्हणजे काय, पाऊल कोठें पडावें, वळण कोणत्या दिशेस घ्यावें, हें मोजण्याची संवय त्याला लागलेली असते. सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा ठिकाणीं एखादा वृद्ध वस्ताद भेटला, तर अशा मुलानें त्याच्यापाशीं बसावें. त्याच्या प्रत्येक हाताचें नांव विचारावें. पावलांची आकृति वहींत काढावी. आणि चुकलें तेथें त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावें. कोरियाकडून लाथ तर शिकावीच, पण त्याहून मोलाची अशी ती वही शिकावी. पट्टा आपल्या घरीं आहे. तो उतरून घेणारे हात तेवढे वेळेवर पोंचले पाहिजेत.