तान्ही मुलं आणि फ्रान्सची कॅम्पसाइट

फ्रान्समध्ये कॅम्पसाइटना १ ते ५ तारे दिले जातात. पण दोन वर्षांच्या लेकराला ताऱ्यांशी काय देणंघेणं? त्याला हवी सावली, जवळ न्हाणीघर आणि उथळ पाणी.

म्हणून आधी किनारा निवडावा. लाँद भागात अटलांटिकच्या लाटा दणदणीत, पाण्याला ओढही जबर. तिथे सर्फिंगवाले रमतात. त्याच्या उत्तरेला व्हाँदेमधले बरेचसे वाळूचे किनारे हळूहळू उतरत जातात. ओहोटीनंतर उरलेल्या डबक्यांत चिमुकले पाय बुडवून मनसोक्त खेळतात. मोठ्यांची नजर मात्र हवीच.

मग राहायचं कशात, ते ठरवावं. कॅम्पसाइटवरच्या मोबाइल होममध्ये, म्हणजे तयार छोट्या घरात, स्वयंपाकघर आणि बहुधा शौचालयही आतच असतं. अपरात्री बाळाचं दूध गरम करायचं, तर तंबूपेक्षा हेच सोयीचं.

जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांना सुट्टी, त्यामुळे गर्दी आणि चढे दर. मुलं अजून शाळेत जात नसतील, तर जूनच गाठावा.