रमाबाई, मतांगीकार आणि आपण

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



या शिबिरात एकेका धर्माबद्दल त्या धर्मात वाढलेल्या बाईने बोलायचे असे ठरले आणि ‘ख्रिस्ती मंडळीची मूलतत्त्वे’ हा विषय साहजिकच माझ्याकडे आला. फळ्यावर मुद्दे लिहून तो अर्ध्या तासात संपवता येईल. देव एक आहे, तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत एक आहे, येशू हा देवाचा पुत्र, क्रूसावरचे मरण, पुनरुत्थान, पापांची क्षमा, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. झाले. पण अशी यादी वहीत उतरवून घेतल्यावर तुमच्या केंद्रात उद्या येणाऱ्या ख्रिस्ती बाईशी काय बोलावे हे तुम्हाला कळेल का? मला नाही वाटत. म्हणून मी एका भांडणाची गोष्ट सांगणार आहे. याच मूलतत्त्वांवरून एका मराठी बाईने आपल्या चर्चशी केलेले भांडण.

पंडिता रमाबाई तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. आपल्या पोस्टरवर त्या असतात, मेळाव्यातल्या गाण्यांत असतात. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेली साक्ष, हे सगळे आपण सांगतो. त्या ख्रिस्ती झाल्या हे मात्र आपण जरा घाईघाईने सांगून पुढे जातो. काहीजणींना ते अडचणीचे वाटते, तर आमच्या मंडळीतल्या लोकांना तेवढेच महत्त्वाचे वाटते. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी काय केले, हे दोन्हीकडे राहून जाते.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली होती. भाऊ गेला होता. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच नवराही कॉलऱ्याने गेला होता. कडेवर लहानगी मनोरमा. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिले. वाँटेज या गावी चर्च ऑफ इंग्लंडच्या भगिनींचा मठ होता. याच भगिनींचे काम पुण्यात पंचहौदला चाले, तिथली ओळख होती. तिथे त्या राहिल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, अशा धक्क्यात ही बाई काय विचार करत असेल याची कल्पना करून बघा.

त्या काळात भगिनींनी रमाबाईंना लंडनजवळ फुलहॅमला नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथे एक घर होते. त्या बायका भगिनींबरोबर काम करत होत्या, माणसासारख्या वागवल्या जात होत्या. आपल्या शास्त्रात अशा बायकांना काय शिक्षा सांगितल्या आहेत हे रमाबाईंना तोंडपाठ होते. त्यांच्याइतके ते कुणाला पाठ असणार? तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे होऊन गेलेली, परजातीची बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि धर्मातल्या अगदी गहन गोष्टी तिच्याशी बोलतो. पाणी कुणाच्या हातचे घ्यायचे हा प्रश्न रमाबाईंना नवा नव्हता. पुढे 1907 साली स्वतःच्या श्रद्धेची हकीगत लिहिताना त्यांनी या गोष्टीला मोठे स्थान दिले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे रमाबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ती धर्माचे मूलतत्त्व हे होते. टाकून दिलेल्या बाईला दार उघडे आहे.

चर्चच्या दृष्टीने मूलतत्त्व कुठे होते? ते मतांगीकारात होते. हा शब्द तुम्हाला अनोळखी असेल. मतांगीकार म्हणजे आपण काय मानतो याची उपासनेत सर्वांनी उभे राहून म्हटलेली कबुली. प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोन आम्ही आजही म्हणतो. प्रेषितांचा मतांगीकार मला लहानपणापासून पाठ आहे आणि तो मला आवडतो. पण एक गंमत बघा. येशू मरियेपासून जन्मला इथून तो एका दमात पंतय पिलाताच्या वेळच्या दुःखसहनावर जातो. मधली सगळी वर्षे गाळलेली. शोमरोनी बाई नाही, रक्तस्रावाने बारा वर्षे विटाळशी ठरलेली बाई नाही, कुष्ठरोगी नाहीत. पुनरुत्थान आहे, पण उठलेल्या येशूला सर्वांत आधी पाहणारी आणि ती बातमी पुरुष शिष्यांना जाऊन सांगणारी मग्दालीया मरिया नाही. नावे दोनच, एका आईचे आणि एका सुभेदाराचे. सूत्र बनवताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कुणीतरी ठरवते. ठरवणारे सगळे बिशप होते.

तिसराही एक मतांगीकार आहे, अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा. तो लांब आहे. त्रैक्य म्हणजे नेमके काय आणि काय नाही हे त्यात घोळून घोळून सांगितले आहे, आणि असे जो मानणार नाही त्याचा कायमचा नाश होईल अशी धमकी आहे. 1662 च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे इंग्लंडच्या चर्चमध्ये तो वर्षातून तेरा सणांना म्हणायचा असे. इथे रमाबाई अडल्या. देव एक आहे असे मानूनच त्या मूर्तिपूजेतून बाहेर पडल्या होत्या. येशूवर त्यांची श्रद्धा होती, पण तो आणि देव एकच हे त्यांना तेव्हा पटत नव्हते. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, मग तो मानल्याशिवाय तारण नाही हे कुणी ठरवले? शास्त्रार्थ करणाऱ्या बापाची ही लेक. मूळ ग्रंथ दाखवा, म्हणाली.

त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. दोघींची पत्रे 1977 साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या पुस्तकात छापून आली आहेत. इंग्रजी वाचता येणाऱ्या मैत्रिणींनी ती जरूर वाचावीत. जेराल्डीन दुष्ट नव्हत्या. त्यांचे रमाबाईंवर खरेच प्रेम होते आणि म्हणूनच ही पत्रे वाचताना जीव कासावीस होतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका जशा मायेने जखडतात, तसेच ते आहे. रमाबाई अंडे घातलेले पुडिंग खात नाहीत, हा जातीचा अभिमान उरला आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे आहेत, त्याऐवजी संस्कृत का नकोत असे विचारतात, हा हट्टीपणा आहे. बिशप सांगतात ते निमूट ऐकत नाहीत, हे तर फारच झाले.

रमाबाईंचे उत्तर माझ्या शब्दांत सांगायचे तर असे: आमच्याकडच्या भटभिक्षुकांचे जोखड मी नुकतेच मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तसलेच दुसरे आता घेणार नाही. बाप्तिस्मा मी ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत घेतला आहे. धर्मगुरूच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायचा करार केलेला नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. जेवणाच्या बाबतीत जेराल्डीन अगदीच चुकत होत्या असे मला वाटत नाही. नगर जिल्ह्यातली बरीचशी ख्रिस्ती कुटुंबे महार-मांग समाजातून आलेली आहेत. त्यांच्या दृष्टीने पंगतीत सगळ्यांनी सगळे खाणे हाच मुक्तीचा एक भाग होता. ब्राह्मण घरातून आलेल्या बाईचे शाकाहाराचे स्वातंत्र्य आणि त्यांचे स्वातंत्र्य एकच नाही. रमाबाईंना देवी करून ठेवण्यात मला रस नाही. पण तुझ्या जातीचा दोष आम्ही दाखवतो म्हणून आमच्या राज्याचा आणि बिशपाचा अधिकारही तू मान्य कर, हे कसले लॉजिक?

या भांडणाचे खरे मूळ पुढच्या प्रसंगात दिसते. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्या मनात त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असे आले. तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. का, तर हिंदुस्थानात त्यांची पत जाईल! जिने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत व्याख्याने दिली, गावोगाव पुरुषांसमोर शास्त्र सांगितले, जिच्या बापाने समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, तिला हे सांगायचे. रमाबाई किती संतापल्या असतील ते तुम्हीच ओळखा. यात त्रैक्याचा कुठे संबंध होता? पण सिद्धांत आणि शिस्त अशा एकमेकांत विणलेल्या असतात की एक धागा नाकारला की तू सगळे वस्त्रच फाडलेस असे सांगता येते. बील यांचे मात्र कौतुक केले पाहिजे. त्यांनी शंकांना पाप मानले नाही, त्या वाद घालत राहिल्या.

पुढे रमाबाईंनी ख्रिस्ताचे देवत्व मनापासून मानले. हे लपवण्याचे कारण नाही, उत्तरायुष्यातल्या त्यांच्या लिखाणात ते स्पष्ट आहे. पण त्या तिथवर स्वतःच्या पायांनी गेल्या. मुक्ती मिशन त्यांनी कुठल्याही एका पंथाच्या बिशपाखाली ठेवले नाही. आणि शेवटची कित्येक वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. मूळ ग्रंथ दाखवा म्हणणारी बाई शेवटी मूळ ग्रंथापाशी स्वतः गेली. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले. त्या छापखान्यात खिळे जुळवायचे काम तिथल्या मुली-बायका करत. ज्यांना कुणी धर्मग्रंथाला हात लावू दिला नसता त्या.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. 1970 साली नागपुरात अँग्लिकन धरून सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झाले. दक्षिण भारतातल्या अशाच एकत्रित चर्चमध्ये 2013 साली पुष्पा ललिता पहिल्या स्त्री बिशप झाल्या. खुद्द चर्च ऑफ इंग्लंडने 1994 साली स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा दिली, 2015 मध्ये पहिली स्त्री बिशप झाली आणि 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचे नाव जाहीर झाले. मतांगीकारातला एक शब्दही त्यासाठी बदलावा लागला नाही. शंभर वर्षे जे मूलतत्त्वाविरुद्ध आहे म्हणून सांगितले जात होते ते मूलतत्त्वात नव्हतेच. कॅथलिक चर्चमध्ये हे दार अजून बंद आहे.

आता केंद्रात येणाऱ्या बाईकडे वळते. माझ्या ओळखीतल्या एका बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पाळकांकडे गेल्या. देवाने जोडले ते माणसाने तोडू नये, घरी जा आणि प्रार्थना करा, असे त्यांना सांगण्यात आले. वचन बायबलमधलेच आहे. पण ते येशूने कुणाला ऐकवले? बायकोला वाटेल त्या कारणाने टाकता येते का, असे विचारणाऱ्या पुरुषांना. बायकोच्या संरक्षणासाठी काढलेली ढाल तिच्याच डोक्यात घातली जाते.

कायद्यातही हेच झाले. आपला 1869 चा घटस्फोट कायदा इंग्लंडच्या 1857 च्या कायद्यावर बेतलेला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नाही. इंग्लंडने हा भेद 1923 सालीच काढून टाकला. आपल्याकडे तो ‘धर्माचा प्रश्न’ म्हणून राहिला. 1997 साली प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली आणि 2001 साली संसदेने कायदा दुरुस्त केला. त्याआधी ख्रिस्ती स्त्री-संघटनांनी आणि बऱ्याच चर्चेसनी एकत्र बसून मसुद्यांवर वर्षानुवर्षे काम केले होते. म्हणजे श्रद्धावान बायकाच त्यात होत्या, हे लक्षात घ्या.

त्या ओळखीच्या बाईंना आमच्यातल्या एका कार्यकर्तीने सांगितले, तुमचा धर्मच असला आहे, सोडून द्या तो. बाई पुन्हा केंद्रात आल्या नाहीत. पाळक म्हणाले सगळे घ्या, आम्ही म्हणालो सगळे टाका. दोघांनीही त्यांना विचारले नाही की बाई, तुम्ही यातले काय मानता?

व्यवहाराचे एकच सांगते. 2001 ची दुरुस्ती होऊनही अनेक ख्रिस्ती बायकांना, आणि वकिलांनाही, जुनाच कायदा माहीत असतो. दुरुस्तीनंतर क्रूरता हे एकटे कारणही चालते, परस्परसंमतीची तरतूद आहे, आणि जिल्हा न्यायालयाच्या हुकुमाला उच्च न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागत नाही. त्याची एक प्रत केंद्राच्या कपाटात ठेवा आणि शेजारी मराठी बायबलही असू द्या. बाई वचन घेऊन आली तर तिच्याबरोबर बसून ते वाचता आले पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.