मृदंग आपल्याही हाती



आपल्या नांदेड-लातूरकडं गावोगावी बायकांची भजनी मंडळं आहेत. टाळ आपल्या हातात, पेटीही एखादी वाजवते. पण मृदंग म्हटलं की गडीमाणूस बोलवायचा! तो सप्ताहाला दुसऱ्या गावी गेला की आपलं भजन नुसत्या टाळावर. कार्यक्रमाचे पैसे मिळाले तर पहिला वाटा त्याचा. त्यात त्याचं काही चुकत नाही, कला त्याच्या हातात आहे. म्हणून आमच्या गटातल्या चौघी शिकायला बसलो.

सुरुवातीला वाद्यसुद्धा लागत नाही. केरव्याच्या आठ मात्रा घ्या: धा गे ना ती, न क धी ना. आधी टाळी देत तोंडानं म्हणा, मग मांडीवर वाजवा. सावकाश. हात पळवणं सोपं. एकाच चालीनं अर्धा तास धरून ठेवणं अवघड. अभंग रंगला की गाणारी पुढं पळते, तेव्हा तिच्यामागं न पळता लय सांभाळणं हेच वाजवणारीचं काम. आम्ही दोन महिने एवढंच केलं. कंटाळा आला, पण हात तिथंच बसला.

मृदंगाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी कणीक लावतात, झाल्यावर काढून टाकतात. ती कशी मळायची हे आपल्याला कोण शिकवणार! उजवी शाईची पुडी सुरात लावायला मात्र गुरू हवा. हातोडीनं ठोकताना कान पेटीच्या सुराकडं ठेवावा लागतो.

"बाईनं मृदंगाला हात लावू नये," असं म्हणणारे भेटतातच. त्यांना मुंबईच्या अनुराधा पाल यांचं नाव सांगा. उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्याकडं त्या तबला शिकल्या. आणि त्या शहरातल्या म्हणाव्यात, तर बिहारमध्ये पाटण्याजवळच्या ढिबरा गावात दलित शेतमजूर बायकांनी ड्रमचा बँड काढला, 'नारी गुंजन सरगम महिला बँड'. आधी लोक हसले. आता लग्नाकार्याला त्यांना बोलावणं येतं.

घरात शिकणाऱ्या मुली असतील तर त्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबला-पखवाजाच्या परीक्षांना बसवा. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्या आहेत.

आता पैशाचं. देवाच्या कामाला पैसे कसे मागायचे, असं आपल्याला वाटतं. गावच्या हरिपाठाला नकाच मागू. पण डोहाळजेवण, बारसं, परगावचा कार्यक्रम? तिथं मंडपवाल्याला, आचाऱ्याला पैसे मिळतात, मग आपल्याला का नकोत? बिदागी आधी बोलून घ्या, विसार घ्या. गाडी कुणाची, रात्र झाली तर मुक्काम कुठं, तेही तेव्हाच विचारा.

आम्ही मृदंग गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतला. वाद्य गटाचं. दर बिदागीतला ठरलेला वाटा आधी कर्जात जमा होतो, उरलेले पैसे वाटून घेतो. पुडी फाटते, तेव्हा तिच्यासाठी थोडे पैसे वेगळे ठेवा आणि ते वहीत वेगळ्या पानावर लिहा.