जुनं आपोआप मरत नाय

(कशेळी, ता. भिवंडी इथं तरुणांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तहो,

'कालबाह्य' हा शब्द शिकल्यासवरल्यांना फार आवडतो. जातीचा विषय काढा, लगेच म्हणतील, 'अहो, ते कालबाह्य झालं. चुकून मागं राहिलंय. काळच त्याला पुरून टाकील.' मला आज या काळावरच बोलायचंय.

तुमच्या कशेळीच्या खाडीपलीकडं ठाणं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी तिथं येऊन थांबली. त्याच वर्षी लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्सनं लिहिलं, की रेल्वेमुळं जी कारखानदारी उभी राहील ती वंशपरंपरेची कामवाटणी मोडील. आणि जात तर त्या वाटणीवरच उभी आहे. माणूस थोर. पण झालं काय?

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. वाफेचं इंजिन आलं, विलायती साचे आले. त्रासन खात्यात आपले आजे-पणजे घेतले गेले. साचेखात्यात मजुरी जास्त, तिथं मात्र दार बंद. का? कांडी बदलताना धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. सवर्ण साचेवाला म्हणाला, महाराचा ओठ लागलेला धोटा मी तोंडाला लावणार नाय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं हा तोंडानं ओढायचा धोटा १९११ साली कायद्यानं बंद केला. आमच्याकडं धोटा चालू राहिला, बंद केलं गेलं आम्हाला!

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनपुढं टाकला. साचेखातं आमच्यासाठी उघडा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला. युनियननं ती घातली, पण मनापासून नाय. आणि मालकांनी हात झटकले : हा अन्याय आम्ही केलेला नाही, तुमचेच कामगार करतात! लाल बावट्याखाली उभा राहिलेला कामगारही धोट्यापाशी सवर्णच राहिला.

पुढं फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेब बोलले. अस्पृश्याला स्टेशनावर पोर्टर म्हणून घेत नव्हते. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचंही काम करून घ्यायचा, आणि घरात अस्पृश्य चालत नव्हता. आता नीट बघा. पोर्टर ही जागाच आगगाडीबरोबर जन्मली. पेशवाईत पोर्टर नव्हता. मग त्या जागेवरची शिवाशिव 'जुनी राहून गेलेली' कशी? ती जुनी नाय. ती नव्या जागेसाठी नव्यानं घडवलेली आहे. चांगली मजुरी आपल्याच लोकांसाठी राखायची, म्हणून घडवलेली. कामगारात फूट पडते, त्यात मालकाचंही भागतं.

आता तुमच्या दाराशी या. मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी गोदामं हद्दीबाहेर काढली, तेव्हा कशेळी, काल्हेर, पूर्णा हा पट्टा गोदामांनी भरला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन झालं, तिच्या आराखड्यात कशेळी हे स्टेशन आहे. खोक्यावर बारकोड आहे आणि तेच खोकं माणसाच्या माथ्यावर आहे. माथाडी कायदा १९६९ चा आहे. पण कायदा कागदावर असतो आणि ओझं मानेवर.

आणि गटार? १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. हातानं मैला काढून घेणं गुन्हा ठरलं. तरी २०२१ साली सरकारनं संसदेत सांगितलं, की देशात असं काम करणारे ५८,०९८ लोक सापडले. त्यातल्या ४३,७९७ जणांच्या जातीची नोंद होती, आणि त्यातले ४२,५९४ अनुसूचित जातींचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की गटारात माणूस मेला तर घरच्यांना ३० लाख द्या. गटार उपसायचं यंत्र जगात आहे. मग माणूस का उतरतो? तो स्वस्त पडतो म्हणून. आणि तो स्वस्त का पडतो, ते वरचा आकडा सांगतो.

म्हणून कुणी 'कालबाह्य' म्हटलं की त्याला अडवा. विचारा, हे आज कुणाच्या फायद्याचं आहे? पैसे कुणाचे वाचतात? ज्याचं वाचतं, त्याच्यासाठी ती गोष्ट एकदम आजची आहे, घड्याळाच्या काट्याला लागून आहे.

१८५३ ची गाडी आली, गिरणी आली आणि गेली, बारकोड आला. काळानं आपलं काम केलं नाय, कारण ते काळाचं काम नव्हतंच. ते आपलं आहे. उद्या आपल्या गावात कुठल्या गोदामात माथाडीची नोंद नाय आणि कुणाला गटारात उतरवतात, याची यादी करायला लागा. वाट बघत बसलात, तर मेट्रोतही एक जागा आपल्यासाठी आधीच ठरलेली असेल. हातात झाडू घेऊन उभं राहायची.

जयभीम!