अवजार आणि त्याचा कागद



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कारखान्यांच्या दारांवर सभा घेण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा संगणकाविषयी आम्ही काय बोलणार, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. परंतु आमचा विषय आहे अवजाराबरोबर येणारा कागद. आणि त्याच्याशी आमची ओळख जुनी आहे.

एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. हा नवा एजंट कृत्रिम बुद्धिमत्तेचा. त्याला साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने संगणकातली अवजारे स्वतः निवडून ते पार पाडावे, अशी योजना. एक अवजार यादी देते, दुसरे पत्र धाडते, तिसरे नोंद खोडते. कोणते केव्हा उचलावे हे तो मुख्यतः अवजाराचे नाव आणि त्याखाली लिहिलेल्या चार ओळी यांवरून ठरवतो.

आमच्या कचेरीत घडलेली गोष्ट सांगतो. डोंबिवलीच्या एका होतकरू मुलाने सभासदांच्या नोंदवहीसाठी काही अवजारे करून दिली. एकाचे वर्णन होते, 'थकबाकीदार सभासद काढणे'. रविवारच्या सभेसाठी आम्ही एजंटाला सांगितले, "तीन महिन्यांची वर्गणी थकलेले सभासद काढून दे." त्याने ते काढले, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकले! आपल्या मराठीत यादी काढतात, फोटो काढतात, आणि माणसाला कामावरूनही काढतात. 46 नावे गेली. त्यांतल्या एकाचा हात प्रेसमध्ये सापडला होता. वर्गणी थकली ती त्यामुळेच, आणि त्याला निधीतून मदत द्यावयाची की नाही हे त्याच सभेत ठरावयाचे होते. आदल्या दिवशी छापलेली प्रत कपाटात होती, म्हणून नावे परत चढली.

दोष एजंटावर ढकलून मोकळे होता आले असते. पण त्या मुलाने आम्हांला तोंडी बजावले होते, 'हे वर्षअखेरीसच वापरा.' कागदावर मात्र ते नव्हते. कारखान्यातही यंत्राच्या पुस्तकात नसलेले पुष्कळसे ज्ञान चहाच्या वेळी कळते. जुना कारागीर नव्या पोराला सांगतो, "हा दांडा ओढू नकोस." एजंटाला चहाची सुट्टी नाही. जे लिहिले नाही, ते त्याच्या लेखी नाहीच.

आपले कल्याण जंक्शन पाहा. तेथे कसाऱ्याची आणि कर्जतची वाट फुटते. रेल्वेत प्रत्येक स्टेशनाच्या कामकाजाचे लेखी नियम असतात, आणि नव्याने आलेल्या स्टेशनमास्तराला ते वाचून समजल्याची सही करावी लागते. अपघातानंतर 'मला कोणी सांगितले नाही' या उत्तराने गाडी रुळावर येत नाही.

अवजारांचे कागद एकसारखे असावेत म्हणून अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत प्रसिद्ध केली. तीत अवजाराचे नाव, वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीचा नमुना मांडतात. अवजार नुसते वाचते की नासधूसही करू शकते, याची खूण करण्याची सोय 2025 मध्ये झाली. पण ती खूण आहे, कुलूप नव्हे.

आम्ही आमचा कागद नव्याने लिहविला. अवजाराचे नाव झाले 'सभासदाची नोंद कायमची खोडणे'. केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, हे लिहिले. नुसती यादी हवी असल्यास दुसरे कोणते अवजार घ्यावे, तेही लिहिले. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी द्यावी, असे उदाहरणासह नोंदले. कारण 5/4 हा कोणाला 5 एप्रिल वाटतो, तर कोणाला 4 मे. काम अडले तर 'चूक झाली' एवढेच न म्हणता कोणती माहिती कमी पडली ते अवजाराने सांगावे, असे ठरले. खोडण्यापूर्वी चिटणिसाची संमती हवी, ही अट मात्र कागदावर ठेवून भागले नाही. ती अवजारातच बसविली. मग नोंदवहीच्या नकलेवर तेच काम वीस तऱ्हांनी सांगून पाहिले.

आणि 'जखमी व आजारी सभासदांस थकबाकीदार धरू नये' ही ओळ? ती त्या मुलाला सुचली नाही, आम्हांलाही नाही. वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या बाईंनी ती सांगितली. त्यांना संगणक चालवता येत नाही. पण कागदातली सर्वांत मोलाची ओळ त्यांची आहे.

मित्रहो, 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने नोकरीचे नियम बहुसंख्य कामगारांना समजतील अशा भाषेतही लावण्याचे बंधन मालकांवर घातले होते. आता यंत्राला समजेल असा कागद लिहिण्याची पाळी आली आहे, आणि त्यासाठी कामगारालाच 'तुझे काम लिहून दे' असे सांगितले जाईल. त्याने अवश्य लिहून द्यावे. पण ते कसबाचे काम आहे. ते कामाच्या वेळात, पगारी व्हावे, आणि कागदावर त्याचे नाव असावे. जेथे एखाद्याची भाकरी खोडली जाऊ शकते, तेथे 'थांब' म्हणण्याचा अधिकार माणसाच्याच हाती राहावा. एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.