पेठेतील बोळ आणि उपनगरातील कुंपण
शहरातील येण्याजाण्याची सोय रस्त्यांच्या रुंदीइतकीच ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात यावरही अवलंबून असते. या गुणाला रस्त्यांची संलग्नता म्हणतात आणि ती मोजताना दर चौरस किलोमीटरमागे चौक व तिठे किती आणि पुढे वाट नसलेल्या गल्ल्या किती, हे पाहिले जाते. पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांत रस्ते अरुंद असले, तरी एका बोळात शिरून दुसऱ्या आळीत निघता येते, त्यामुळे एक वाट अडली तरी दुसरी उरते. याउलट, महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, त्यांपैकी अनेक ठिकाणी शेतजमिनींचे तुकडे आधीच सुटेसुटे विकसित झाले होते. तेथे संकुलाचा अंतर्गत रस्ता बहुधा स्वतःच्याच कुंपणभिंतीपाशी संपतो, आणि भिंतीपलीकडच्या किराणा दुकानात जाण्यासाठीही फाटकातून मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागत असल्याने सगळा भार त्या एकाच रस्त्यावर पडतो. अशा विखुरलेल्या वाढीला विस्कळीत नागरी विस्तार म्हणतात. यावरील एक उपाय म्हणजे 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आलेली आणि 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही असलेली नगररचना योजना, जिच्यात मालकांच्या जमिनी एकत्र करून सलग रस्ते आखले जातात आणि उरलेल्या जमिनीचे सुबक भूखंड त्यांना परत दिले जातात.