पथ्याची चौकशी

श्रोतेहो, संधिवात, सोरायसिस, थायरॉईडचा दाह, आतड्यांची जुनाट दुखणी अशा, आपल्याच प्रतिकारशक्तीने आपल्याच देहावर शस्त्र उचलल्यामुळे उद्भवणाऱ्या विकारांनी जे गांजलेले आहेत, आणि औषधे चालू असूनही आणखी थोडा उतार पडावा या आशेने जे कधी गहू, कधी दूध, कधी वांगी-टोमॅटो ताटातून उठवून लावतात, त्यांच्याशी आज मला बोलायचे आहे. पथ्य का करावे हे मी सांगणार नाही. ते सांगणारे घरोघर आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरचे अनोळखी गृहस्थसुद्धा जिलबी वाढून घेता घेता ते विनामूल्य सांगतात. मला मिळालेल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट तुमच्या कानी घालावयाची आहे, आणि ती पुन्हा पुन्हा घातल्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. ताटातून काढलेला पदार्थ ठरलेल्या मुदतीनंतर, एकेकटा, ताटात परत आला पाहिजे. तो परत येत नाही तोवर तुम्ही जे केले त्याला व्रत म्हणा, संयम म्हणा. त्याला परीक्षा म्हणता येणार नाही.

असे समजा की एका मोठ्या वाड्यात कोठीतल्या बरणीतले तूप रोज थोडे थोडे कमी होत आहे. घरात स्वयंपाकीणबाई आहेत, पाणक्या आहे, गडी आहे, वरकामाचा पोऱ्या आहे. संतापलेल्या यजमानांनी एका सकाळी सगळ्यांनाच रजा दिली, आणि तूप कमी व्हायचे थांबले. यजमान प्रसन्न झाले. परंतु चोर कोण होता, हे त्यांना आदल्या दिवशी जितके ठाऊक होते तितकेच आजही ठाऊक आहे. आता त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, जन्मभर स्वतःच पाणी भरायचे, स्वतःच भांडी घासायची आणि तीन निरपराध माणसांची भाकरी एका अज्ञात इसमाच्या अपराधापायी तोडायची. किंवा दुसरा, एकेकाला पुन्हा कामावर रुजू करून घ्यायचे, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, आणि रोज बरणीवरची खूण पाहायची. आपल्यातले बहुतेक रुग्ण पहिल्या मार्गाने जातात, आणि त्यालाच गुण आला असे म्हणतात.

वर्ज्य करणे हे या चौकशीचे अर्धे अंग आहे, आणि ते सोपे अर्धे आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉ. अल्बर्ट रो यांनी 1920च्या दशकात अशा वर्जनाच्या आहाराला पद्धतशीर रूप दिले, तेव्हापासून चौकशीचा क्रम स्थूलमानाने हाच राहिला आहे: दोन ते चार, फार तर सहा आठवडे संशयित पदार्थ बंद, त्यानंतर एक पदार्थ परत, पोटभर, दोन-तीन दिवस, मग थोडी विश्रांती, मग दुसरा. या कालावधीत एक वही जवळ असावी. तिच्यात ‘बरे वाटले’, ‘आज ठीक’ असला मोघम मजकूर लिहू नये, कारण मन आशाळभूत असते आणि वही मनाच्या सांगण्यावर चालते. सकाळी उठल्यावर मूठ पुरती वळायला किती मिनिटे लागली, ओला टॉवेल पिळता आला का, कुकरचे झाकण कोणी लावले, रात्री किती वेळा जाग आली, हे लिहावे. ज्या दिवशी पावसाळी हवा होती, पाहुणे होते, जागरण झाले, त्या दिवसापुढे तशी टीप असावी.

ही टीप का, ते सांगतो. या दुखण्यांचा स्वभावच भरती-ओहोटीचा आहे. ती आपण होऊन वाढतात व आपण होऊन ओसरतात. माणूस पथ्याला सुरुवात करतो ती दुखणे अगदी टिपेला पोचलेले असताना, आणि टिपेनंतर उतार हा पुष्कळदा ठरलेलाच असतो. वाड्यातल्या बरणीचेच पाहा ना. चोर कोणीच नव्हता, बरणीलाच बारीक चीर होती, उन्हाळ्यात तूप पातळ होऊन झिरपत होते, आणि नेमकी थंडी पडायला लागली त्या आठवड्यात यजमानांनी माणसे काढली, असेही असू शकेल. या चिरेचा पत्ता लागतो तो माणसे परत आल्यावरच: सगळे कामावर हजर आहेत आणि तूप तरीही जागच्या जागी आहे! म्हणून पुन्हा सांगतो, परत बोलवा, आणि एकेकाला बोलवा.

याचे फार बोधप्रद उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. सीलिअॅक नावाचा, विशेषतः लहान मुलांत दिसणारा विकार लंडनच्या सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये वर्णिला, आणि बरा व्हायचाच असेल तर तो आहाराने होईल, असेही म्हटले. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना भरपूर केळी देऊन, पाव, बिस्किटे व इतर धान्ये बंद करून बरे केले, आणि सारे श्रेय केळ्याला मिळाले. वर्षानुवर्षे केळ्यात काही दिव्य गुण आहे असे मानले गेले. पाव परत आणून पाहिला असता तर केळ्याचा हा मानसन्मान तेव्हाच उतरला असता. परंतु बरे झालेल्या लेकराला पुन्हा आजारी पाडण्याचा धीर कोणत्या डॉक्टरला किंवा कोणत्या आईला होईल? हाच तो पेच, आणि त्यातच तुमचा-माझाही पाय अडकतो.

तो पेच सोडवला हॉलंडच्या हेग शहरातील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडून लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा खाल्ले. पाव नाहीसा झाला तेव्हा सीलिअॅकची मुले सुधारली, आणि पाव परत आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मात्र डिके यांचा गव्हावरचा संशय युद्धापूर्वीचा होता, आणि दुष्काळाच्या कथेवर विसंबून ते स्वस्थ बसले नाहीत. रुग्णालयातल्या मोजक्या मुलांचा आहार काटेकोर ठेवून त्यांनी कधी गहू, कधी राय, कधी तांदूळ असे धान्य आळीपाळीने आत-बाहेर केले, मुलांच्या वजनांची नोंद ठेवली, आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजली. 1950 मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधाचे बळ या आत-बाहेर करण्यात आहे. पुढे 1997 मध्ये या विकारात शरीर आपल्याच कोणत्या विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते तेही जर्मनीत सापडले, आणि स्वप्रतिकाराच्या दुखण्यांपैकी एकाचा तरी आहारातला गुन्हेगार पुराव्यानिशी हाती आला.

संधिवाताचे प्रकरण इतके स्वच्छ नाही. नॉर्वेत 53 रुग्णांवर केलेला एक प्रयोग 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आहारगटाला आरंभी सात ते दहा दिवसांचे, देखरेखीखालचे उपोषण होते (ते घरी करू नये), आणि त्यानंतर एक दिवसाआड एकच नवा पदार्थ. ज्या पदार्थाने दोन ते अठ्ठेचाळीस तासांत वेदना किंवा सूज वाढली तो निदान सात दिवस दूर ठेवायचा, आणि मग, येथे माझे विशेष लक्ष आहे, पुन्हा एकदा बोलवायचा! दुसऱ्या खेपेलाही त्याने तोच प्रताप केला तरच तो बडतर्फ. त्या गटाला वर्षभर टिकणारा आराम मिळाला; पण मांसाहारही सुटलेला असल्याने कोणाचा वाटा किती, हा वाद अजून आहे. मला त्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर संशय पक्का, त्यालाही कैफियत मांडायची दुसरी संधी.

आमच्याकडे वर्जनाचे वावडे मुळीच नाही. कांदेनवमीला कांदा मनसोक्त खाऊन चातुर्मासभर कांदा-लसूण-वांगी सोडणारी ही भूमी आहे, आणि सोडलेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याने ताटात परत आणण्याची तिथीही तिने नेमून ठेवलेली आहे. खेद एवढाच, की त्या दिवशी भरीत, रोडगा आणि कांद्याची पात एकाच पानात येतात. भक्तीला ते शोभते, चौकशीला नाही. रात्री सांधे ठणकले तर कोणाला धरणार?

माझ्या परिचयाच्या एका बाईंनी गहू, दूध, तूरडाळ, चिंच, टोमॅटो, वांगे हे सारे एकदम सोडले होते. पहिला महिना सुखाचा गेला. पुढे वजन उतरले, केस गळू लागले, सणावारी त्या जेवणाच्या वेळी शेजारी जाऊन बसू लागल्या, आणि कोणी डाळीचे नाव काढले तर त्यांच्या डोळ्यांत भीती दिसे. ‘सोसवत नाही’ हे त्यांचे उत्तर होते. सोसते की नाही हे पाहिले कधी होते? आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने एकेक पदार्थ परत आला तेव्हा डाळ निर्दोष, चिंच निर्दोष, वांगे तर सपशेल निर्दोष ठरले. दुधाविषयी वहीत दोनदा खूण पडली. बायांनो, तूरडाळीने तुमचे काय घोडे मारले होते? प्रथिने, लोह, कॅल्शियम यांवर उगाच जप्ती आणून दुखणे हटत नाही. नवे दुखणे मात्र दारात येते.

आता काही सूचना घाईने. औषध बंद करून पथ्याची परीक्षा घेऊ नये. संधिवातात वेदना कमी वाटत असतानाही सांध्याची झीज आतून चालू राहू शकते. मधुमेही, गरोदर स्त्रिया, लहान मुले यांनी डॉक्टरांच्या नजरेखालीच हे करावे. ज्यांना एखाद्या पदार्थाने पूर्वी ओठ सुजणे, श्वास कोंडणे झाले असेल त्यांनी तो घरी परत आणून पाहण्याचे साहस कदापि करू नये. माझा सारा आग्रह त्यांच्यापुरता रद्द समजावा. आणि गव्हाचा संशय असेल तर सीलिअॅकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करून घ्यावी. पंचनाम्यापूर्वीच इसमाला गावी धाडले तर मागे ठसे राहत नाहीत. कित्येक महिने गहू सोडून आलेल्याची तपासणी निर्दोष येऊ शकते, आणि मग पुन्हा गहू खाऊन त्याला तपासणीला बसावे लागते.

गहू सोडलेल्यांनी, विशेषतः सीलिअॅक ठरलेल्यांनी, आणखी दोन ठिकाणी पाहावे. एक, हिंगाची डबी. बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. डबीच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. दुसरे ठिकाण पिठाची गिरणी. ‘गव्हावर गहू टाका हो’ असे आपण गिरणीवाल्याला बजावतो ते पोळी पांढरी व्हावी म्हणून. पण गव्हावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळतेच, आणि गहू पूर्ण सोडला अशी शपथ घेणाऱ्याच्या भाकरीतून तो रोज पोटात जातो. शक्य तर घरच्या चक्कीवर दळावे.

दुधाबद्दल थोडे विस्ताराने बोलायचे होते, कारण दूध न पचणे आणि दुधाने सांधे धरणे या दोन निराळ्या फिर्यादी आहेत आणि आपण त्या एकाच दप्तरात बांधतो. ज्याला दुधातली साखर पचत नाही त्याला दही-ताक पुष्कळदा चालते, त्यामुळे दूध परत आणताना आधी ताक, मग दही, मग... पण वेळ संपल्याचा हात समोरून वर झालेला दिसतो आहे, तेव्हा दुधाची सुनावणी तहकूब.